वल्हं कोणाच्या हाती होतं

माझ्या ताईनं जन्मभर दोनच गोष्टींवर लिहिलं. एक नद्या आणि दुसरी मोठी माणसं. बत्तीस-बत्तीस पानांची पुस्तकं, शाळेतल्या मुलांसाठी. एक नदी झाली की एक माणूस, पुन्हा एक नदी, अशी अठ्ठेचाळीस झाली. ती भूगोल शिकवायची आणि मी इस्पितळात परिचारिका होते. तिनं लग्न केलं नाही. माझे यजमान लवकर गेले, तेव्हापासून आम्ही दोघी औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. पुढची खोली तिच्या कागदांची, मागची माझी. मधलं दार उघडं राहत नाही, कारण त्यामागे ॲमेझॉन, डॅन्यूब आणि व्होल्गाचे गठ्ठे रचलेले आहेत. मी बाहेरच्या गॅलरीतून ये-जा करते.

ताईला चुकीची माहिती सहन होत नाही. म्हणजे लोकांना झुरळ दिसल्यावर होतं तसं तिला होतं. नाईल जगातली सगळ्यात लांब नदी, असं प्रकाशकानं परस्पर मुखपृष्ठावर छापलं, तर हिनं ते परत काढायला लावलं. "ॲमेझॉनवाले ऐकणार नाहीत. वाद चालू आहे म्हणून सांगा," म्हणाली.

"अहो बाई, नदीला काय फरक पडतो?" प्रकाशक म्हणाला.

"नदीला नाही पडत. वाचणाऱ्याला पडतो."

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर ती पोलिसांच्या वरताण. एका नामवंत डॉक्टरांच्या चरित्रात ते रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. ताई त्यांच्या पुतणीकडे जाऊन आली आणि ते वाक्य तिनं खोडलं. म्हणाली, "त्यांच्या घरी चार खोल्या होत्या आणि चारही खोल्यांत दिवे होते. ते रस्त्यावर कशाला जातील? डास चावून घ्यायला?" डॉक्टर त्यामुळे काही लहान झाले नाहीत. उलट मला तरी ते पहिल्यांदाच खरे वाटले.

तर हे सगळं सांगायचं कारण एकोणपन्नासावं पुस्तक.

आमच्या गावात एक वयोवृद्ध पुढारी आहेत. तीस वर्षं नगराध्यक्ष होते. नदीवरचा पूल त्यांनी बांधला, म्हणून सगळे त्यांना पूलवाले साहेब म्हणतात. घराघरांत नळ आणले ते त्यांनीच, दवाखाना काढला तोही त्यांनीच. पण लोक जीव टाकायचे ते या कशासाठी नाही. साहेब अठरा वर्षांचे असताना नदीला मोठा पूर आला होता. मधल्या बेटावर माणसं अडकली. कोणी पाण्यात उतरायला धजेना. तेव्हा या मुलानं एकट्यानं होडी घातली आणि नऊ जणांना काठावर आणलं. पुलाच्या तोंडाशी हा प्रसंग दगडात कोरलेला आहे. छाती काढून उभा असलेला तरुण, हातात वल्हं, खाली लाटा. शाळेत निबंध असतो त्यावर. मी स्वतः कितीतरी रुग्णांना सुया टोचताना तीच गोष्ट सांगितलेली आहे.

साहेबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. प्रकाशक उत्साहानं जिना चढून वर आला. गौरव समितीला साहेबांचं चरित्र हवं होतं, ताईच्याच मालेत, आणि प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाला एक प्रत मिळणार होती.

"तुमच्यासाठीच विषय आहे बाई. नदी पण आली आणि माणूस पण. एका दगडात दोन्ही," तो म्हणाला.

ताई खूश झाली. तिला साहेबांबद्दल खरंच आदर होता. आम्ही या गावात आलो तेव्हा तिसऱ्या गल्लीतून पाणी आणावं लागायचं. नळ आला त्या दिवशी तिनं अर्धा तास नुसता तो उघडून बघितला होता. ती दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता आणि बारीक अक्षर वाचायची मनाई होती, म्हणून मला बरोबर घेऊन फिरू लागली. मी नाक मुरडत गेले. निवृत्तीनंतर कोणाची तरी शिकाऊ मदतनीस होण्याची मला हौस नव्हती.

पुराची उंची किती होती, हे तिला हवं होतं. "प्रचंड पूर असं मी लिहीत नाही. किती फूट ते लिहिते." म्हणून आम्ही पुलाखालच्या पाणी-पातळीच्या चौकीत गेलो. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीला टांगलेली रबरी बुटांची जोडी. बाहेर पायऱ्यांना लागून पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी. तिथे पातळी नोंदणारी बाई चाळिशीची होती, बोलायला मोजकी. बासष्ट वर्षांपूर्वीची वही म्हटल्यावर तिनं स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाड वही काढली आणि फडक्यानं पुसून माझ्यासमोर ठेवली.

"पान उलटताना जपून. कडा तुटतात," एवढंच म्हणाली.

मी वाचू लागले. तारीख, वेळ, पातळी. आदल्या दिवशी तीन-तीन तासांनी नोंद होती, पुराच्या दिवशी दर तासाला. अक्षर सुरुवातीला नीट आणि पुढे पुढे घाईचं. पातळी एकतीस फूट चार इंच. ताई टिपून घेत होती. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. एरवी त्यात 'पाणी गढूळ', 'झाडं वाहून येत आहेत' असं काहीतरी असायचं. दुपारी दोनच्या ओळीपुढे मात्र चांगलं चार ओळींचं लिहिलेलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"बेटावरून नऊ जण आणले. दोन फेऱ्या. नावाडीण एकटीच वल्ह्यावर. तिसऱ्या फेरीत वखारवाल्यांचा थोरला मुलगा, वय अठरा, झाडावरून उतरवून आणला. एकूण दहा. होडी फुटली. नावाडीण ठीक."

ताईचं पेन थांबलं.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. साहेबांच्या वडिलांची लाकडाची वखार होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तीनच भाऊ, त्यांत साहेब थोरले.

"नऊ नाहीत, दहा आहेत," ताई म्हणाली. "दहावे तेच."

पातळी नोंदणारी बाई खिडकीतून नदीकडे बघत उभी होती. मी तिला विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं का. ती म्हणाली, "मी आले त्या वर्षीच वाचलं. कोणी विचारायला आलं नाही. मी पातळी सांगते, शेरे कोणी मागत नाही."

मी घरी येताना ताईला म्हटलं, "हे बघ, सोडून दे. तू पुराची उंची लिही आणि पुढे जा. म्हातारा माणूस आहे. कशाला?"

ती चालता चालता एकदम थांबली आणि म्हणाली, "त्या नावाडिणीचं कोणी असेल का गावात?"

होतं. तिची मुलगी. जुन्या बाजारामागे तिची लाँड्री होती, निम्मं गाव तिच्याकडेच कपडे टाकायचं, आम्हीसुद्धा. दहा वर्षं मी तिच्याकडून चादरी आणत होते आणि ती कोणाची कोण, हे मला माहीत नव्हतं. ती पासष्टीची, दंड अजून लोखंडासारखे. आम्ही विषय काढला तेव्हा तिनं इस्त्री उभी करून ठेवली, पण हातातला शर्ट काही खाली ठेवला नाही.

"आई जाऊन आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "आता काय त्याचं?"

ताईनं वहीतल्या ओळी तिला वाचून दाखवल्या. ती शर्टाची कॉलर बोटांनी सरळ करत राहिली. मग म्हणाली, "होडी फुटली, ते बरोबर आहे. आठ महिने आम्हाला होडी नव्हती."

"आई काय सांगायची त्या दिवसाबद्दल?"

"फार नाही. म्हणायची, ते पोरगं इतकं घाबरलं होतं की माझी वेणी धरून बसलं. काठावर आल्यावरही सोडेना. एकेक बोट उकलावं लागलं. आम्ही भावंडं हसायचो, तर ती रागवायची. म्हणायची, त्याला हसायचं नाही. झाडावर सहा तास एकटं होतं ते." तिनं शर्टाची बाही सरळ केली. "नंतर त्यानं पूल बांधला. पूल झाल्यावर होडी कोणाला हवी? आई धुण्याच्या कामाला लागली. त्याबद्दलसुद्धा ती कधी बोलली नाही. पूल हवाच होता, म्हणायची. पण वीस वर्षांपूर्वी ते दगडातलं चित्र बसवलं ना, ते एकदा बघून आली. मग शेवटपर्यंत पुलावरून गेली नाही. पलीकडे बहीण होती तिची, आजारी पडली, तरी गेली नाही."

"तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचं वाईट वाटलं.

"कोणाला सांगू? नगराध्यक्षांना?"

त्या दिवसापासून माझं मत बदललं असं म्हणता येणार नाही. मला भीती वाटत होती. पण ताईला पुन्हा 'सोडून दे' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

ताईनं तीन आठवड्यांत पुस्तक पुरं केलं. मी ते टंकलिखित केलं म्हणून मला शब्दन्शब्द माहीत आहे. त्यात साहेबांची निंदा नव्हती. नळ, दवाखाना, पुलासाठी सात वर्षं केलेली खटपट, सगळं मनापासून लिहिलं होतं. पुराचा प्रसंग पाचव्या पानावर होता, वहीत होता तसा. पुढे तिनं एकच वाक्य आपलं घातलं होतं: 'बहुधा झाडावरच्या त्या सहा तासांतच या मुलाला कळलं असेल, की या नदीवर पूल हवा.'

मला ते वाक्य फार आवडलं होतं. प्रकाशकाला घाम फुटला.

"बाई, मला मारायला निघालात का?"

"पाचवं पान चुकीचं आहे का?"

"बरोबर-चूक कोण विचारतंय? वाढदिवस आहे माणसाचा."

दोन दिवसांनी समितीचे चिटणीस आले. फळांची मोठी करंडी घेऊन आले होते. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून काँगोवर ठेवली. चिटणीस गोड बोलणारे. आधी ताईच्या डोळ्यांची चौकशी केली, मग माझ्या निवृत्तीची. मग सारवासारव सुरू झाली.

"आपण मधला मार्ग काढू. 'या कामी एका नावाडीण बाईंचं साहाय्य झालं', असं लिहू. म्हणजे त्यांचाही उल्लेख आला."

ताई म्हणाली, "होडी तिची. हात तिचे. तीन फेऱ्या तिच्या. मग साहाय्य कोणी कोणाला केलं?"

"जुनी वही आहे हो ती. लिहिणाऱ्याची चूक होऊ शकते."

"त्याच वहीतल्या एकतीस फूट चार इंचांवरून तुमच्या पुलाची उंची ठरवली. इंजिनियरच्या अहवालात तसं लिहिलंय, मी बघून आलेय. पूल बांधायला वही खरी आणि एवढ्या चार ओळींना खोटी?"

चिटणिसांचं हसू विरलं. त्यांनी घड्याळात बघितलं. "बाई, तुमची अठ्ठेचाळीस पुस्तकं आज नगरपालिकेच्या शाळांत आहेत. ती आहेत, कारण समितीतल्या लोकांनी ती ठेवली आहेत. एका पानासाठी अठ्ठेचाळीस जातील. विचार करा."

"केला," ताई म्हणाली. "न्या."

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडले. आयुष्यभराचं काम असं फुंकून टाकतेस का, म्हणाले. ती खुर्चीत बसून पेनाचं टोपण पुन्हा पुन्हा लावत-काढत होती. पहिल्यांदाच मला दिसलं की तीसुद्धा घाबरली होती.

"मी मुलांना पस्तीस वर्षं सांगितलं, नकाशात नदी आहे तिथेच काढायची," ती म्हणाली. "सोयीची नाही म्हणून दोन बोटं इकडे सरकवायची नाही. आता मीच सरकवू?"

मी तिला पाणी दिलं आणि करंडी खाली औषधवाल्याला देऊन आले.

त्यानंतर खुद्द साहेबांचं बोलावणं आलं. सकाळी दहाची वेळ दिली होती. घर मोठं, पण साधं. साहेब गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसले होते, पायाखाली उशी. सवयीनं माझं लक्ष आधी पायांकडे गेलं. घोट्यापाशी चांगलीच सूज होती. डोळे मात्र लख्ख. मांडीवर ताईचं टंकलिखित होतं, पाचव्या पानात बोट घातलेलं.

त्यांनी चिटणिसांना आत जायला सांगितलं.

"मी कधीच म्हणालो नाही, की मी वाचवलं," ते म्हणाले. "पहिल्यांदा वर्तमानपत्रात आलं, वखारवाल्यांचा मुलगा होडीत होता. होतोच मी होडीत. पुढच्या वर्षी कोणीतरी लिहिलं, होडी चालवत होता. मी वडिलांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, गप्प बस, चांगलंच म्हणतायत. पहिल्या निवडणुकीला त्यावर पोवाडाच झाला. मग नाही म्हणायची वेळ निघून गेली."

"तुम्ही हो म्हणाला नाहीत, हे मी लिहीन," ताई म्हणाली. "नाही म्हणाला नाहीत, हेही लिहीन."

साहेब किंचित हसले. "तुम्ही शाळेत मारायच्या का हो बाई?"

"नाही. पुन्हा लिहायला लावायचे."

"मी पूल बांधला. पाणी आणलं. ते खोटं आहे का?"

"नाही. म्हणून तर ते नवव्या पानापासून तिसाव्या पानापर्यंत आहे."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज खाली आला. "माझं किती राहिलंय आता? माझ्या मागे छापा. मी सांगून ठेवतो, कोणी आडवं येणार नाही. एवढं थांबा."

मला त्यांची दया आली, हे कबूल करते. मी त्यांच्या जागी असते, तर मीही हेच मागितलं असतं. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा हलला नाही, पण ती बोलली ते हळू बोलली.

"तिच्या मागेच छापतेय मी, साहेब. चौपन्न वर्षं ती जिवंत होती, याच गावात. तिला काही वाचायला मिळालं नाही. तुम्ही तरी वाचा."

साहेबांनी टंकलिखित मिटलं. "मी परवानगी देऊ शकत नाही."

"मी परवानगी मागायला आले नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून आले."

आम्ही उठलो. दारापाशी मी मागे वळून म्हटलं, त्या सुजेचं डॉक्टरांना दाखवा, उशी पुरेशी नाही. ते म्हणाले, बरं.

पुढच्या आठवड्यात प्रकाशकानं ताईला कळवलं, की एकोणपन्नासावं पुस्तक दुसऱ्याच कोणाकडून लिहून घेतलं आहे. मालेवरचं ताईचं नाव तसंच राहील, असंही वर म्हणाला, जणू उपकारच. ताईनं सरळ वकिलाकडून पत्र धाडलं, की त्या पुस्तकावर माझं नाव आलं तर कोर्टात भेटू. नाव निघालं. पण ताईचं पुस्तक छापायला गावातला एकही छापखाना तयार होईना. कोणाचं यंत्र बिघडलेलं, कोणाचा कामगार गावाला गेलेला. एकानं तर शाई संपल्याचं सांगितलं. छापखान्यात.

अशात एका दुपारी लाँड्रीवाली जिना चढून आमच्याकडे आली. कपडे द्यायला ती कधी येत नसे. दारातच उभी राहून तिनं गठ्ठ्यांकडे बघितलं आणि मग ताईला म्हणाली, "तुम्ही लिहिलंत आणि ते छापू देत नाहीत, असं कळलं."

"खरं आहे."

"पाचवं पान तेवढं मला द्या. एका कागदावर मावेल असं करा. मला रोज दीडशे कागद लागतात, इस्त्रीचे कपडे गुंडाळायला. कोरे आणते, ते छापील आणीन."

ताई तिच्याकडे बघत राहिली. "तुमच्या दुकानावर येईल हं. परवाना नगरपालिकेचा आहे."

"आईची होडी गेली तेव्हा तिनं मागे बघितलं नाही," ती म्हणाली. "मला तर नुसतं दुकान आहे."

शेजारच्या गावात लग्नपत्रिका छापणारा एक माणूस मिळाला. त्याला पूल, साहेब, समिती यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कागदाच्या वरच्या बाजूला वहीतल्या त्या चार ओळी जशाच्या तशा, तारीख, वेळ आणि पातळीसकट. खाली ताईचं पाचवं पान. शेवटी 'मूळ वही पाणी-पातळी चौकीत कोणालाही पाहता येईल' एवढंच.

सोमवारपासून गावातले शर्ट त्या कागदात घरी जाऊ लागले. मुख्याध्यापकांचे, बँकेतल्या लोकांचे, प्रकाशकाचे. चिटणिसांचा समारंभासाठीचा पांढरा कोट तिनं आतून बाहेरून दोन कागदांत बांधून ठेवला. साहेबांचे सदरेही तिच्याकडेच यायचे. तिनं ते स्वतः इस्त्री केले, बाह्यांची घडी नीट बसवली, कागदात बांधले आणि गड्याच्या हातात दिले.

चार दिवसांत गावभर झालं. काही गिऱ्हाइकांनी कपडे परत मागवले. एकजण दुकानासमोर उभा राहून वाट्टेल ते बोलून गेला. लाँड्रीवालीनं त्याची पँट इस्त्री करून मगच त्याला दिली. उलट काहीजण नुसता एक रुमाल टाकायला येऊ लागले, कागदासाठी. चौकीत वही बघायला रांग लागली. चिटणिसांनी ती वही 'सुरक्षिततेसाठी' मागवून घ्यायचा प्रयत्न केला. पातळी नोंदणाऱ्या बाईनं लेखी उत्तर दिलं, की पूर-अंदाजाच्या कामासाठी वही रोज लागते, ती चौकीबाहेर देता येणार नाही. तिनं ते आम्हाला दाखवलं. खाली सही होती, शिक्का होता आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: 'पाहण्यास इथे यावे.'

चिटणीस लाँड्रीत गेले तेव्हा मी तिथेच होते. परवाना रद्द करू, म्हणाले.

"करा," ती म्हणाली. "तुमचा कोट तयार आहे. न्यायचा की ठेवायचा?"

त्यांनी कोट नेला.

समारंभाला आम्हाला निमंत्रण नव्हतं. तिघी गेलो तरी. नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलो. नवीन पुस्तकाचं प्रकाशन झालं, दगडातल्या चित्रासारखंच चित्र मुखपृष्ठावर होतं. भाषणं झाली. प्रत्येकजण पुराशी आला की अडखळायचा आणि घाईनं पुलावर जायचा. मग साहेब उठले. दोघांनी धरून त्यांना माइकपाशी नेलं.

ते पाणीपुरवठ्यावर बोलले, मग दवाखान्यावर. चिटणीस निर्धास्त झाले होते. आणि मग साहेब म्हणाले, "पुराच्या दिवशी मी होडीत होतो. वल्हं माझ्या हातात नव्हतं." थोडं थांबले. मग ते म्हणाले, "असो," आणि रस्त्यांच्या रुंदीकरणाकडे वळले.

मी लाँड्रीवालीकडे बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, झालं, मिळालं. पण कार्यक्रम संपल्यावर ताई गर्दीतून सरळ पुढे गेली. मी मागोमाग. लोकांनी वाट दिली, काहींनी नाही दिली, तिथे तिनं कोपर वापरलं. साहेब खुर्चीत बसले होते, थकलेले.

"तुमच्या हातात नव्हतं, हे सांगितलंत," ताई म्हणाली. "कोणाच्या हातात होतं, ते राहिलं."

चिटणीस मध्ये आले. साहेबांनी त्यांना हातानं बाजूला केलं. त्यांची नजर ताईच्या खांद्यावरून मागे गेली. लाँड्रीवाली तिथे येऊन उभी होती.

"तू तिची का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वेणीचं सांगितलं होतं तिनं?"

"सांगितलं होतं. हसायचं नाही, असंही सांगितलं होतं."

तेवढ्यात साहेबांना उचलून गाडीकडे नेलं. माइक तोवर बंद झाला होता आणि कामगार सतरंज्या गुंडाळत होते. त्यामुळे हे सगळं ऐकलं ते आम्ही पाच-सहा जणांनी.

त्यानंतर काय झालं, तर ताईची पुस्तकं शाळांतून निघाली. हुकूम निघाला होता आणि तो कोणी मागे घेतला नाही. अकरा शाळांनी आपापले संच परत पाठवले, खोक्यांत भरून, आमच्याच दारी. आता माझ्या खोलीत जायचा गॅलरीचा रस्ताही बंद झाला. लाँड्रीचा परवाना तीन महिने अडकवला, मग दिला, कारण अडकवणाऱ्यांचेच कपडे चुरगळलेले दिसू लागले. दगडातलं चित्र आहे तिथेच आहे. पण आता तिथून जाणारे लोक एकमेकांना त्याची गोष्ट सांगताना दोन्ही सांगतात, आणि दुसरी सांगताना आवाज खाली आणत नाहीत.

मी ताईला विचारलं, पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, "कशाचा? पुस्तकं अजून सगळी माझ्याजवळच आहेत." मग तिनं खोकी फोडली, पुस्तकं जिन्याच्या कठड्यालगत मांडली आणि खाली औषधवाल्याच्या फळीवर पाटी लावली, की नद्या आणि माणसं वर मिळतील, वाचून परत आणावी. मुलं यायला लागली. सोबत त्यांच्या आयाही. मला आता दिवसभर दार उघडावं लागतं.

परवा एक गृहस्थ आले. पलीकडच्या काठावरचे, निवृत्त कारकून असावेत. चपला बाहेर काढल्या, टोकाशी बसले आणि बराच वेळ डॅन्यूबचं पुस्तक उगाच चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, आमच्या शाळेच्या संस्थापकांबद्दल एक जुनी गोष्ट आहे. सगळे सांगतात. पण मला लहानपणापासून ती जरा खटकते."

ताईनं चष्मा नाकावर घेतला आणि मला पेन मागितलं.

"कागद काही आहे का?" ती म्हणाली. "की नुसतंच ऐकीव?"